फाळक्यांचा कारखाना आणि ‘संदेश’चे वाचक

इ. स. २००६ च्या जानेवारींत डिस्ने या अमेरिकेंतील बलाढ्य करमणूक-कंपनीनें पिक्सार नांवाचा अ‍ॅनिमेशनपटांचा कारखाना सुमारें ७४० कोटि डॉलरांना घेण्याचा करार जाहीर केला, तेव्हां त्या कारखान्याच्या चित्रांवर लोभ असणाऱ्या प्रेक्षकांत आनंदापेक्षां धास्तीच अधिक पसरली. चित्रें रंगविणारे हात तेच राहतील काय, कीं नव्या धन्याच्या हिशेबाच्या वहींत त्यांचा जीव गुदमरून जाईल, हा त्यांच्यापुढील प्रश्न होता. पिक्सारचें नांव व तिचें ठिकाण पूर्ववत् राखण्याचें अभिवचन त्या व्यवहारांत द्यावें लागलें, तें उगीच नव्हे.

ही धास्ती मराठी माणसाला अपरिचित नाहीं. ऐंशींहून अधिक वर्षांपूर्वीं नाशिकच्या एका कारखान्यासंबंधानें तोच प्रश्न येथें उठला होता. तो कारखाना दादासाहेब फाळके यांचा. आणि लोकांनीं आपलें म्हणणें मांडलें तें ‘संदेश’ पत्राच्या संपादकांस पत्रें लिहून.

दादासाहेबांच्या कारखान्याला अ‍ॅनिमेशनचा कारखाना म्हणणें प्रथम विचित्र वाटेल. ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजीं मुंबईस गिरगांवांत कॉरोनेशन थिएटरांत लागला, हें सर्वांस ठाऊक असतें. परंतु त्याच्याही आधीं १९१२ त फाळक्यांनीं एका बीजाचा अंकुर कसा फुटतो व वेल कसा वाढतो, त्याचें लहानसें चित्र घेतलें होतें. रोज थोडथोडीं चित्रें घ्यावयाचीं आणि मग तीं सलग फिरवावयाचीं, म्हणजे अनेक दिवसांची वाढ क्षणभरांत डोळ्यांपुढून सरकते. हेंच चित्र दाखवून त्यांनीं भांडवल मिळविलें. पुढें १९१५ त त्यांनीं ‘आगकाड्यांची मौज’ काढली. काडेपेटींतील काड्या टेबलावर मांडावयाच्या, एक चित्र घ्यावयाचें, काडी केसभर सरकवावयाची, पुन्हां एक चित्र घ्यावयाचें. मूकपट सेकंदाला सुमारें १६ चित्रांच्या वेगानें फिरे. म्हणजे पडद्यावर एक मिनिट काड्या नाचवावयाच्या तर ९०० हून अधिक वेळां हा खटाटोप करणें आलें. इतका धीर ज्याच्यापाशीं आहे तोच या धंद्यांत पडावा.

या काड्यांच्या खेळामागें हौस होती, तशी अडचणही होती. १९१४ त महायुद्ध भडकलें, परदेशांतून येणारी कोरी फिल्म दुर्मिळ व महाग झाली, आणि सावकारांनीं हात आंखडले. मोठें पौराणिक चित्र उभें करण्याइतका पैसा नव्हता, म्हणून लहान लहान गमतींचीं चित्रें निघूं लागलीं. एकांत तर खुद्द फाळकेच ‘प्रोफेसर केळफा’ हें आपलें नांव उलटें करून जादुगार म्हणून उभे राहिले. घरांत सरस्वतीबाई फिल्मला भोंकें पाडीत, रसायनें मिसळीत आणि कारखान्यांतल्या सर्व मंडळींचा स्वयंपाकही करीत. पहिल्या चित्राच्या वेळींच त्यांचे दागिने गहाण पडले होते. स्त्रीभूमिकेला बाई मिळेना, म्हणून हॉटेलांत काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. तेच पुढें १९१७ च्या ‘लंकादहना’त राम आणि सीता दोन्हीही झाले. नाशिकचा कारखाना म्हणजे एका कुटुंबाचा विस्तारलेला संसार होता, हें लक्षांत घेतलें नाहीं तर पुढील कथा नीट उमगत नाहीं.

‘लंकादहना’नें दैव पालटलें. त्याच्या उत्पन्नाचीं नाणीं मद्रासेस बैलगाडींत घालून पोलिसांच्या पहाऱ्यांत न्यावीं लागलीं, अशी आख्यायिका प्रसिद्ध आहे. नाण्यांचा आवाज दूरवर ऐकूं जातो. लोकमान्य टिळक, रतनजी टाटा आणि मनमोहनदास रामजी यांनीं फाळक्यांच्या धंद्याची मर्यादित कंपनी करण्याचा विचार पुढें आणला होता, पण तो तडीस गेला नाहीं. अखेर मुंबईच्या धनिकांशीं बोलणें जमून १ जानेवारी १९१८ रोजीं हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी स्थापन झाली. मायाशंकर भट्ट, माधवजी जेसिंग व गोकुळदास दामोदर हे पैसा पुरविणाऱ्यांपैकीं. वामन श्रीधर आपटे व्यवस्थापक भागीदार. आणि दादासाहेब काम करणारे भागीदार. कारखाना, यंत्रें, शिकविलेलीं माणसें, हें सारें आतां कंपनीचें झालें.

हें घडलें तेव्हां प्रेक्षकांना भय वाटलें नाहीं. उलट अभिमानच वाटला. त्याच सुमारास, १९१७-१८ मध्यें, ‘नवयुग’ मासिकांत फाळक्यांनीं स्वतःच्या खटपटीची हकीकत लेखरूपानें दिली होती. ख्रिस्तचरित्राचें चित्र पाहतांना आपल्या डोळ्यांपुढें रामकृष्ण कसे उभे राहिले, हें त्यांत वाचून अनेक घरांना हा मनुष्य आपल्या ओळखीचा वाटूं लागला होता. स्वदेशीची ती पिढी. आपल्या देवांचीं चित्रें आपल्याच माणसानें काढलेलीं पाहणें ही तिच्या दृष्टीनें निव्वळ करमणूक नव्हती. ऑगस्ट १९१८ मध्यें ‘श्रीकृष्णजन्म’ मुंबईस मॅजेस्टिकमध्यें लागला. मे १९१९ मध्यें ‘कालियामर्दन’ आला आणि कित्येक महिने हलला नाहीं. त्यांत बाळकृष्ण झाली ती दादासाहेबांची लहानगी मुलगी मंदाकिनी. कंपनी सधन झाली आणि चित्रेंही उत्तम निघालीं. मग बिघडलें कोठें?

बिघडलें तें हिशेबाच्या खोलींत. भागीदारांचें म्हणणें असें कीं एका चित्राला इतका काळ व इतका खर्च लागतां कामा नये. न्यायानें पाहिलें तर त्यांचें म्हणणें सर्वस्वीं चुकीचें नव्हतें. ज्यानें पैसा घातला त्यानें पैशाचा जाब विचारावा, हा व्यवहारच आहे. परंतु जो मनुष्य आगकाडी केसभर सरकवून पुन्हां चित्र घेतो, त्याला घाई कर म्हणून सांगणें हें सोनाराला आंधळेपणानें ठोक म्हणून सांगण्यासारखें आहे. दादासाहेबांचा स्वभावही नमतें घेण्याचा नव्हता. तंटा वकिलांपर्यंत गेला. करार दीर्घ मुदतीचा असल्यामुळें सुटण्याची वाट सोपी नव्हती. पण अखेर आपल्याच हातांनीं उभारलेल्या कारखान्याकडे पाठ फिरवून १९२० त ते सहकुटुंब काशीस निघून गेले. तेथें त्यांनीं ‘रंगभूमि’ नांवाचें नाटक लिहिलें. कलकत्त्याच्या मादन थिएटर्ससारख्या मातबर कंपनीचें बोलावणें आलें, तेंही त्यांनीं स्वीकारलें नाहीं. एका धन्याच्या हातून सुटून दुसऱ्या, त्याहून मोठ्या धन्याच्या हातीं जाण्यांत त्यांना स्वारस्य नसावें.

इकडे नाशिकास काम बंद पडलें नव्हतें. गजानन साने यांच्यासारखीं, फाळक्यांच्याच हाताखालीं तयार झालेलीं माणसें तेथें होतीं. यंत्रें होतीं, पैसा होता, आणि कंपनीच्या नांवावर चित्रें निघत राहिलीं. भागीदारांना वाटलें असेल कीं विद्या एकदां शिकविली म्हणजे शिक्षकाचें काय काम? परंतु प्रेक्षक तिकीट काढतांना कंपनीचें नांव वाचीत नाहीं. कांहीं तरी हरपलें आहे, हें त्याच्या ध्यानांत आलें, आणि हरपलें कोण हेंही त्याला ठाऊक होतें.

येथें अच्युत बळवंत कोल्हटकर रंगांत येतात. ‘संदेश’चे हे संपादक म्हणजे मराठी वृत्तपत्रसृष्टींतील एक विलक्षण प्रकरण. गंभीर अग्रलेख लिहिणाऱ्या पत्रांच्या काळांत त्यांनीं बातमीला चटक आणि मथळ्याला धार दिली, त्यामुळें सामान्य वाचकही वर्तमानपत्र हातीं घेऊं लागला. त्यांनीं दादासाहेबांना काशीस पत्र धाडून परत येण्याची विनंति केली. उत्तर आलें तें कोरडें: चित्रपटाच्या धंद्यापुरता आपण मेलोंच आहोंत, आणि पुन्हां जिवंत होण्याची आपली इच्छा नाहीं, असा त्याचा आशय होता. दुसरा एखादा संपादक हें पत्र खणांत ठेवून गप्प बसला असता. कोल्हटकरांनीं उलट कळविलें कीं दादासाहेब फाळके निवर्तले, अशा मथळ्याखालीं आपण हें छापणार. खुशाल छापा, असें फाळक्यांनीं सांगितलें. आणि दोन्ही पत्रें ‘संदेशां’त खरोखरच छापून आलीं.

मग ‘संदेशा’च्या कचेरींत पत्रांचा ओघ सुरू झाला. वाचकांचें मागणें एकच होतें: फाळक्यांनीं परत यावें. कोल्हटकरांनीं तीं सर्व पत्रें काशीस पाठवून दिलीं. ही गोष्ट थोडी थांबून पाहण्यासारखी आहे. पत्र लिहिणाऱ्यांपैकीं कोणाचा त्या कंपनींत एक पैचाही भाग नव्हता. करार त्यांनीं पाहिला नव्हता, आणि भागीदारांनीं त्यांचा सल्लाही घेतला नव्हता. त्यांनीं फक्त चार-दोन आण्यांचीं तिकिटें काढलीं होतीं. पण त्या तिकिटांच्या बळावर त्यांनीं एक हक्क गृहीत धरला: ज्यानें आम्हांला कृष्ण दाखविला त्याचें काय झालें, हें विचारण्याचा. काशीस बसून रागानें स्वतःला मेलेला म्हणविणाऱ्या मनुष्याला त्या पत्रांनीं हलविलें, आणि तो नाशिकास परतला.

पत्र लिहून आपल्या आवडत्या चित्रकाराला परत बोलावण्याची ही सोय साऱ्याच मराठी मुलखाला होती असें मात्र नाहीं. बीड जिल्हा त्या वेळीं निजामाच्या हैदराबाद संस्थानांत होता, आणि १९४८ पर्यंत तसाच राहिला. त्या संस्थानाच्या राजधानींत १९२२ त धीरेंद्रनाथ गांगुली यांनीं निजामाच्या आश्रयानें लोटस फिल्म कंपनी काढली. १९२४ त तेथें ‘रझिया बेगम’ हें चित्र दाखविलें गेलें. मुसलमान राणी आणि तिचा हिंदु प्रियकर यांची ती कथा. निजामाची इतराजी झाली, गांगुलींना संस्थान सोडावें लागलें आणि कंपनी संपली. मुंबई इलाख्यांत भांडवलदाराशीं भांडतां येई आणि तें भांडण छापतांही येई. बीडच्या प्रजेच्या राजधानींत एका हुकुमानें कारखान्याला कुलूप लागलें.

नाशिकचें वळण निराळें खरें, तरी तें सुखाचें होतें असें समजूं नये. आपट्यांनींही दादासाहेबांचें मन वळविण्याची खटपट केली होती, कारण कंपनीला तोटा जाणवूं लागला होता. १९२२ त फाळके परतले ते निर्मितिप्रमुख व तांत्रिक सल्लागार म्हणून, दरमहा १००० रुपये पगारावर. त्या काळीं ही रक्कम लहान नव्हती. परंतु ज्या घरांत बायकोचे दागिने गहाण ठेवून पहिलें चित्र काढलें होतें, त्या घराचा धनी आतां आपल्याच कारखान्याचा पगारी नोकर झाला होता. वाचकांच्या पत्रांत हा मुद्दा कोठेंच नव्हता. त्यांना फाळके हवे होते, कारखान्याची मालकी कोणाची याच्याशीं त्यांना कर्तव्य नव्हतें. आणि मालकीचा प्रश्न न सुटल्यामुळें पुढेंही खटके उडतच राहिले. मायाशंकर भट्टांच्या साहाय्यानें दादासाहेबांनीं वेगळें होऊन ‘सेतुबंधन’ आरंभिलें, पैसा अपुरा पडला, आणि तें चित्र पुरें होईपर्यंत बोलपटाचा काळ येऊन ठेपला.

हिंदुस्थान कंपनी १९३० नंतर फार दिवस टिकली नाहीं. दादासाहेबांचें शेवटचें चित्र ‘गंगावतरण’ १९३७ त कोल्हापूर सिनेटोननें काढलें. तेथेंही मालक दुसरेच होते. १६ फेब्रुवारी १९४४ रोजीं नाशिकास त्यांचा अंत झाला.

‘आगकाड्यांची मौज’ आज उपलब्ध नाहीं. ‘कालियामर्दना’चा बराच भाग मात्र पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयांत टिकून आहे. त्याच्या आरंभीं लहान मंदाकिनी कॅमेऱ्यासमोर एकामागून एक मुद्रा करून दाखविते, आणि मग पाहतां पाहतां तीच मुलगी मोरमुकुट घातलेला कृष्ण होते.