अवयव टिकवणारी औषधे आणि रक्तातली चरबी

किडनी बसवलेल्या रुग्णाचे कोलेस्टेरॉल वाढले, की घरच्यांचा पहिला संशय तुपावर जातो. रुग्णही ओशाळतो. या विषयात नव्याने येणाऱ्या वाचकाला माझी विनंती अशी, की तुपाचा डबा तूर्त बाजूला ठेवावा आणि औषधांची चिठ्ठी उघडावी. शरीराने परका अवयव नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्तीला लगाम घालणारी औषधे रक्तातल्या चरबीतही ढवळाढवळ करतात, आणि प्रत्येकाची तऱ्हा निराळी.

१९५४ साली बोस्टनमध्ये जोसेफ मरे यांनी एका जुळ्या भावाची किडनी दुसऱ्याला बसवली, तेव्हा हा प्रश्नच नव्हता. एकसारख्या जुळ्यांत नाकारण्याजोगे परके काही नसते. पुढे स्टेरॉइड आली. त्यांच्यामुळे यकृत ट्रायग्लिसराइडने भरलेले कण अधिक सोडते, वजन वाढते, इन्सुलिन पुरेनासे होते. अझाथायोप्रिन आणि मायकोफेनोलेट यांचा चरबीला फारसा उपद्रव नाही.

सायक्लोस्पोरिनपाशी मात्र थांबावेच लागते. नॉर्वेच्या मातीतल्या एका बुरशीने दिलेल्या या औषधाला १९८३ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली आणि प्रत्यारोपणाचे सारे गणित बदलले. कोलेस्टेरॉलपासून पित्ताम्ले बनवणाऱ्या एका एन्झाइमला ते अडवते. एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, वाढण्यामागे हे एक कारण मानले जाते. मग कोलेस्टेरॉल उतरवणारे स्टॅटिन द्यावे, तर खरी अडचण तिथेच सुरू होते. स्टॅटिन यकृतात नेणारी वाहक प्रथिने आणि काही स्टॅटिनांचा निचरा करणारे सीवायपी ३ए४ हे एन्झाइम, दोन्हींना सायक्लोस्पोरिन दाबते. रक्तातली स्टॅटिनची पातळी कित्येक पटींनी चढू शकते. त्यातून स्नायू झिजू लागले, तर तो कचरा गाळायचा भार पडतो नेमका नव्या किडनीवर. म्हणून सायक्लोस्पोरिनसोबत सिम्वास्टॅटिन वर्ज्य. फ्लुवास्टॅटिन किंवा प्राव्हास्टॅटिन द्यायचे तेही बेताने. आपल्याकडे आणखी एक गुंता असतो. महागडे सायक्लोस्पोरिन कमी मात्रेत भागावे म्हणून त्याला डिल्टियाझेमची जोड देण्याची पद्धत भारतात आहे. डिल्टियाझेमही तेच एन्झाइम दाबते, त्यामुळे स्टॅटिनचा हिशेब पुन्हा मांडावा लागतो.

एवढे करून हृदय वाचते का? २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘अ‍ॅलर्ट’ चाचणीत किडनी बसवलेल्या २,१०२ जणांवर फ्लुवास्टॅटिन तपासले गेले. आधी ठरवलेल्या मुख्य निकषावर फरक ठोस ठरला नाही. हृदयविकाराचे मृत्यू आणि प्राणावर न बेतलेले झटके एकत्र धरले, तर ते सुमारे एक तृतीयांशाने घटले. उत्तरार्ध सगळे उद्धृत करतात. पूर्वार्धही तितक्याच मोठ्याने वाचावा, असे मला वाटते.

बाकीच्या औषधांपैकी टॅक्रोलिमस चरबीच्या बाबतीत सौम्य, पण मधुमेहाकडे ढकलण्यात पुढे. सिरोलिमसचे उलट: ट्रायग्लिसराइड कधी कधी इतके चढते, की मात्रा उतरवावी लागते. रापा नुई बेटाच्या मातीतल्या जिवाणूपासून ते वेगळे काढणारे सुरेंद्रनाथ सेहगल भारतीय वंशाचे. माँट्रियलची प्रयोगशाळा बंद होताना त्यांनी त्या जिवाणूचा नमुना घरच्या फ्रीझरमध्ये जपला. मान्यता मिळायला १९९९ उजाडले.

प्रत्यारोपणाबाहेर, ऱ्हुमॅटॉइड संधिवातात, चित्र आणखी फिरते. दाह भडकलेला असतो तेव्हा कोलेस्टेरॉल उतरते, आणि तरीही हृदयाचा धोका मोठा असतो. टोसिलिझुमॅब या औषधाने दाह शमवला, की एलडीएल वर येते. ही वाढ धमन्यांना बाधते का, हे पाहण्यासाठी त्याची तुलना एटानरसेप्ट या दुसऱ्या औषधाशी तीन हजारांहून अधिक रुग्णांत झाली; एलडीएल जास्त राहूनही हृदयविकार आणि पक्षाघात ठळकपणे वाढलेले दिसले नाहीत. सायक्लोस्पोरिनने वाढवलेल्या एलडीएलला मात्र ही सवलत लावता येत नाही.