लाकडी धनुष्य व त्याचा पाठथर
एकाच काठीतून तासलेले, किंवा पाठीवर दुसरा थर चिकटवून बळकट केलेले धनुष्य. दोरी ओढली की लक्ष्याकडची बाजू (पाठ) ताणली जाते व तिरंदाजाकडची (पोट) दाबली जाते. धनुष्य बहुधा पाठीवरून मोडते. गाठीपाशी किंवा तासताना तुटलेल्या तंतूंपाशी चीर उघडते. तिला पाठथर रोखतो.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात ताड, वेळू, लाकूड व शिंगाची धनुष्ये आणि रुई, वेळू, स्नायू इत्यादींच्या दोऱ्या नोंदल्या आहेत. सातपुड्यातील भिल्लांचा कामठा (धनुष्य) वेळूचा, अनेकदा दोरीही वेळूच्या कामटीची.

लाकूड व पाठथराची निवड त्या त्या भागात काय मिळते यावर ठरते. उदाहरणार्थ, बारामती-इंदापूरच्या अवर्षणप्रवण पट्ट्यात बाभूळ, बोर व कडुनिंब सहज मिळतात. धनुष्यासाठी नावाजलेली धामण मात्र सह्याद्रीच्या पानझडी वनांतली. बाभळीचे सरळ, बिनगाठीचे लांब लाकूड विरळ, म्हणून येथे बांबूचा पाठथर सर्वांत श्रेयस्कर. बांबूच्या सालीलगतचे तंतू दाट असून ताण उत्तम पेलतात. पट्टी पातळच हवी; जाड राहिल्यास ताठ पाठीमुळे पोटाचे लाकूड चिरडते व त्यावर आडव्या सुरकुत्या उमटतात. सरसात भिजवून लावलेले स्नायूतंतू वाळताना आकसतात आणि जोर वाढवतात, पण दमट हवेत ढिले पडतात. कच्चे कातडे किंवा कापड संरक्षणापुरतेच.

पाठीला हत्यार न लावता, धनुष्याचे दोन्ही बाहू सारखे वाकेपर्यंत पोटाकडून थोडेथोडे तासावे लागते. हे काम चुकले तर कोणताही पाठथर उपयोगी पडत नाही.