जिवंत बहुवारिके : ताब्यात ठेवलेले ऋणायनी बहुवारिकीकरण

हजारो लहान रेणू एकमेकांना जोडून लांब साखळी तयार होते, त्या क्रियेला बहुवारिकीकरण, म्हणजेच पॉलिमरायझेशन, म्हणतात. साखळीच्या वाढत्या टोकावर ऋण विद्युतभार असेल तर ते ऋणायनी बहुवारिकीकरण. घरातले फेविक्विक हे त्याचेच उदाहरण. त्यातले सायनोअ‍ॅक्रिलेट हवेतल्या ओलाव्याने साखळ्या बांधू लागते आणि बोटेसुद्धा चिकटतात. तिथे साखळी किती लांब व्हावी यावर मात्र कुणाचा ताबा नसतो. आम्ही येथे देत आहोत ती ताब्यातल्या क्रियेची माहिती.

पोलंडमध्ये जन्मलेले रसायनशास्त्रज्ञ मायकेल श्वार्त्स यांनी १९५६ साली अमेरिकेतील सिराक्यूज येथे हे काम प्रसिद्ध केले. सोडियम आणि नॅप्थलीन यांच्या हिरव्या द्रावणात स्टायरीन घालताच रंग लाल झाला. सगळे स्टायरीन संपले तरी लाल रंग टिकून राहिला. पुन्हा स्टायरीन घातल्यावर त्याच साखळ्या पुढे वाढल्या आणि द्रावण अधिक दाट झाले. श्वार्त्स यांनी त्यांना ‘जिवंत बहुवारिके’ हे नाव दिले. आम्हाला ते अगदी चपखल वाटते.

साखळ्या जिवंत का राहतात? दोन्ही वाढत्या टोकांवर ऋण भार असल्याने ती एकमेकांना दूर लोटतात. मूलकांच्या, म्हणजे रॅडिकलच्या, क्रियेत दोन टोके भेटली की जुळतात आणि वाढ थांबते. इथे तसे होत नाही.

ताबा येतो तो साध्या भागाकारातून. १०४ ग्रॅम, म्हणजे एक मोल, स्टायरीनमध्ये ०.०६४ ग्रॅम ब्यूटिल लिथियम घातले, तर दर एक रेणूमागे स्टायरीनचे १,००० रेणू येतात. सगळ्या साखळ्या जवळजवळ एकाच वेळी सुरू होतात, म्हणून लांबीही जवळपास सारखी असते. रेणुभार सुमारे १,०४,०००. पण भांड्यात अवघे ९ मिलिग्रॅम पाणी राहिले, तर निम्मे ब्यूटिल लिथियम वाया जाते आणि उरलेल्या साखळ्या दुप्पट लांब होतात. पाण्याचा एक थेंब साधारण ५० मिलिग्रॅमचा. तो पडला की सगळा घाणाच बाद! आपल्या सभासदांपैकी जे रासायनिक कारखान्यांत राबले, त्यांना पावसाळ्यातली ही धास्ती वेगळी सांगायला नको. हवेतला ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइडही तितकेच घातक.

जिवंत टोकाला दुसरेच एकवारिक देता येते, हा या पद्धतीचा खरा फायदा. आधी स्टायरीन, मग ब्यूटाडाइन, मग पुन्हा स्टायरीन, असे जोडले की एसबीएस तयार होते. त्याची कडक टोके एकत्र गोळा होऊन मधल्या मऊ भागांना गाठीसारखी धरून ठेवतात. त्यामुळे गंधक न घालता रबराचा ताण मिळतो, आणि तापवल्यावर माल वितळून पुन्हा साच्यात ओतता येतो. १९६० च्या दशकात तो बाजारात आला. चपलांचे तळवे, चिकटपट्ट्यांचा गोंद आणि रस्त्यांचे सुधारित डांबर यांत आज तो वापरतात.

मिथिल मेथाक्रिलेट मात्र हट्टी. त्याच्या साखळीचे टोक स्वतःच्याच एस्टर गटावर हल्ला करून मरते, म्हणून क्रिया अनेकदा उणे ७८ अंश सेल्सिअसला करावी लागते. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत एस. शिवराम आणि सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात याच प्रश्नावर काम केले. लिथियम परक्लोरेट घातल्यास ही टोके अधिक काळ जिवंत राहतात, असे त्यांना आढळले.