पाळण्यातले पाय

सुट्टीला नातू पुण्याहून सुप्याला आला की आमच्या घराचं वेळापत्रक बदलतं. या खेपेला रात्री साडेअकराला पाणी प्यायला उठलो, तर बाहेरच्या खोलीत उजेड. पठ्ठ्या मांडीवर लॅपटॉप घेऊन बसलेला. मला वाटलं अभ्यास करतोय. जवळ जाऊन बघतो तर पडद्यावर नुसती नावं आणि आकडे. पस्तीस वर्षं हजेरीपट आणि गुणपत्रकं भरण्यात घालवलेला माणूस मी. पाय तिथेच थबकले.

"काय रे, कुणाचा निकाल लागलाय?"

"आजोबा, हा फुटबॉलचा गेम आहे."

"मग चेंडू कुठंय?"

"चेंडू नंतर. आधी पोरं निवडायची."

त्या रात्री एक वाजेपर्यंत आम्ही दोघं जागे होतो. (हिला सकाळी कळलं, आणि जे बोलायचं ते ती दोघांनाही बोलली.) फुटबॉल मॅनेजर असं त्या खेळाचं नाव. यात आपण खेळाडू नसतो, संघाचे व्यवस्थापक असतो. कुणाला संघात घ्यायचं, कुणाला बाहेर बसवायचं, सराव कसला द्यायचा, पगार किती, हे सगळं आपण ठरवायचं. सामना सुरू झाला की कडेला उभं राहून बघत बसायचं. म्हणजे मास्तरकीच की! आणि प्रत्येक खेळाडूपुढे गुण मांडलेले. वेग, ताकद, पास, धीर, एकेका विषयात वीसपैकी इतके. वीसपैकी म्हटल्यावर माझी झोप उडाली. मला प्रश्न पडला तो एकच. हे पेपर तपासतं कोण?

नातवाला विचारून, मुलाला फोन करून आणि स्वतः वाचून जे हाती लागलं ते इथे मांडतो. संगणकातलं मला फारसं कळत नाही, पण इतिहास मी शिकवला आहे, आणि हा मला इतिहासाचाच विषय वाटला.

या जातीचा पहिला गाजलेला खेळ १९८२ साली इंग्लंडमधल्या केव्हिन टॉम्स नावाच्या माणसाने केला. त्याचंही नाव फुटबॉल मॅनेजरच. त्यानंतर १९८५ च्या सुमारास इंग्लंडच्याच श्रॉपशायर परगण्यात पॉल आणि ऑलिव्हर कॉलियर हे दोघे भाऊ आपल्या झोपायच्या खोलीत बसून स्वतःचा खेळ लिहू लागले. सात वर्षांनी, १९९२ च्या सप्टेंबरात, तो चॅम्पियनशिप मॅनेजर या नावाने बाजारात आला. त्याआधी एका मोठ्या कंपनीने तो साभार परत पाठवला होता. त्या पहिल्या आवृत्तीत क्लब खरे होते, पण खेळाडूंची नावं बनावट होती.

पुढच्याच वर्षीच्या आवृत्तीत खरी नावं आली, आणि माझ्या मते खरी गोष्ट इथून सुरू होते. खरं नाव लिहिलं की खरे गुणही लिहावे लागतात. पण दोन भावांनी किती मैदानं हिंडायची? पहिल्या श्रेणीचे खेळाडू दूरदर्शनवर दिसतात. चौथ्या श्रेणीच्या क्लबातला सतरा वर्षांचा राखीव गोलरक्षक कोण बघतो? त्याला बघतो तो त्या गावचा माणूस, जो पावसातही सामन्याला जातो. खेळ बनवणाऱ्यांनी अशाच माणसांना हाताशी धरलं. हळूहळू जगभर चाहत्यांचं जाळं तयार झालं आणि त्यांची संख्या हजारावर गेली. आपापल्या क्लबची मुलं बघायची आणि गुण भरून पाठवायचे, हे त्यांचं काम. बहुतेकांनी ते हौसेपोटी केलं. खेळवाले त्यांना संशोधक म्हणतात. मी पारखी म्हणेन.

आता क्लबच्या भक्तालाच गुण द्यायला बसवलं तर काय होणार? कोल्हापूरच्या वाचकांना हे सांगायला नको. पाटाकडील तालमीच्या माणसाला आपल्या पोरांना गुण द्यायला सांगा, सगळे वीसपैकी एकोणीस! आणि दिलबहारच्या पोरांना त्याच्याकडून गुण मागितलेत तर पुढचं भांडण शाहू स्टेडियमवरच मिटवावं लागेल. म्हणून या पारख्यांवर प्रत्येक देशात एक मुख्य पारखी असतो. तो सगळ्यांचे आकडे एकमेकांशी ताडून बघतो. बोर्डाच्या परीक्षेत आमच्यावर मॉडरेटर असत, तसंच हे.

तरी लबाडी व्हायची ती झालीच. २००१ साली आलेल्या आवृत्तीत पोर्तुगालमधल्या गौव्हेया नावाच्या छोट्या क्लबात टो मदेरा नावाचा खेळाडू होता. ज्याने त्याला विकत घेतलं त्याच्याकडे गोलांचा पाऊस पडला. पुढे कळलं की असा खेळाडूच नाही. तिथल्या पारख्याने टोपणनावाने स्वतःलाच यादीत घुसवून भरघोस गुण देऊन टाकले होते! नंतर त्याला काढून टाकलं. पण चाहत्यांना आजही तो आठवतो, आणि रागाने नव्हे, हसून आठवतो. संघात कधी न घेतलेला मुलगा हजेरीपटात आपलं नाव आपणच लिहितो, यावर रागवायचं तरी कसं?

त्या काळात या खेळात सामन्याचं चित्र दिसत नसे. पडद्यावर फक्त वाक्यं उमटत. अमक्याने चेंडू घेतला, तमक्याने मारला, गोल! वरून दिसणारे ठिपके २००३ च्या आवृत्तीत आले. नातवाला ही जुनी तऱ्हा कंटाळवाणी वाटते. मला नाही वाटली. आम्ही बाळ पंडितांचं मराठी समालोचन रेडिओला कान लावून ऐकलेली माणसं. ब्रेबॉर्न स्टेडियम कधी पाहिलं नव्हतं, पण तिथली हिरवळ डोळ्यांपुढे असायची.

आता त्या गुणांकडे येतो. वीसपैकीच्या गुणांखाली आणखी दोन आकडे असतात, दोनशेपैकी. खेळणाऱ्याला ते थेट दिसत नाहीत. एक म्हणजे हा मुलगा आज किती पाण्यात आहे. दुसरा म्हणजे पुढे जास्तीत जास्त किती होऊ शकेल. बाळाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणतात ना, त्या पायांचं हे माप!

या मापाचा त्रास ज्यांना झाला त्यांच्या गोष्टी चाहते आजही सांगतात. टोनटन झोला मुकोको हा कांगोत जन्मून स्वीडनमध्ये वाढलेला मुलगा इंग्लंडच्या डर्बी काउंटी क्लबात होता. खेळात तो जगज्जेता. प्रत्यक्षात डर्बीच्या मुख्य संघातून एकही सामना तो खेळला नाही. चेर्नो सांबा हा गांबियात जन्मलेला मुलगा लंडनच्या मिलवॉलमध्ये वाढला. खेळात लोकांनी त्याला कोट्यवधींना विकत घेतलं. खऱ्या मिलवॉलच्या मुख्य संघात त्याला एकदाही संधी मिळाली नाही. पुढे तो स्पेनमध्ये खेळला, गांबियाच्या राष्ट्रीय संघातूनही खेळला, पण परदेशात कुठेही गेला तरी लोक त्याला ओळखत ते त्या आकड्यांवरून. ज्याने ते आकडे भरले त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. त्याने मैदानाच्या कडेला उभं राहून एका पोराचे पाय बघितले आणि त्याला ते आवडले, इतकंच.

एक गोष्ट मात्र मला फार आवडली. कोवळ्या मुलाबद्दल खात्री नसेल तर पारखी उणे चिन्हाचा आकडा लिहू शकतो. उणे दहा म्हणजे हा फार मोठा होईल असं दिसतं, पण नेमका किती ते सांगता येत नाही. मग प्रत्येक नवा डाव मांडताना यंत्र त्याची कमाल मर्यादा नव्याने ठरवतं. तोच मुलगा एका डावात राजा होतो, दुसऱ्या डावात त्याहून थोडा कमी. म्हणजे शंका लिहून ठेवायची सोय या लोकांनी केली होती. आमच्या प्रगतिपुस्तकात ती सोय नव्हती.

हे वाचलं आणि मला एक वही आठवली.

साल १९८५. होय, तेच. वर्ग नववी, तास इतिहासाचा, पानिपत चाललेलं. शेवटच्या बाकावरचा एक हडकुळा मुलगा मान खाली घालून काहीतरी लिहीत होता. कबड्डीच्या संघात त्याला कुणी घेत नसे. मी वही ओढून घेतली. शंभरपानी वहीची मागची पानं उभ्या रेघा मारून भरलेली. आमच्या आणि आसपासच्या हंगा, वाडेगव्हाण, पळवे या गावांतल्या कबड्डी खेळणाऱ्या पोरांची नावं. पुढे रकाने : दम, पकड, पाय, डोकं. दहापैकी गुण. शेवटच्या रकान्याचं नाव 'पुढे'. त्यात कुठे 'होईल', कुठे 'नाही', आणि एका नावापुढे 'बापाने शेतात घातलं नाही तर होईल'.

मी ती पानं वर्गात मोठ्याने वाचून दाखवली. वर्ग हसला. वही रद्दीत गेली. वर्षाच्या शेवटी त्याच्या प्रगतिपुस्तकावर मी शेरा मारला, 'अभ्यासात लक्ष नाही. पुढे प्रगतीची आशा कमी.' खाली सही केली. वहीत त्याने 'घातलं नाही तर' असं लिहिलं होतं. माझ्या शेऱ्यात 'तर' नव्हता.

अशा वह्यांचं पुढे काय होतं ते बघा. २००३ मध्ये कॉलियर बंधूंची कंपनी आणि त्यांचे प्रकाशक वेगळे झाले. चॅम्पियनशिप मॅनेजर हे गाजलेलं नाव प्रकाशकाकडे राहिलं. खेळाचा गाभा आणि गुणांची वही भावांकडे राहिली. २००४ च्या नोव्हेंबरात त्यांनी फुटबॉल मॅनेजर या नावाने नवा संसार मांडला, आणि बहुतेक चाहते नाव सोडून वहीच्या मागे गेले. २००८ साली एव्हर्टन या जुन्या इंग्लिश क्लबाने खेळाडू हेरण्यासाठी ती वही वापरण्याचा करारच केला. खऱ्या क्लबाने पोरखेळातल्या नोंदी मागून घेतल्या!

आपल्या इकडचीही पानं त्यात आहेत. माझा मुलगा पुण्यात नोकरीला लागला तेव्हा पुणे एफ. सी. हा संघ घेऊन हा खेळ खेळत असे. हे मला आत्ता कळतंय. तो संघ २००७ मध्ये निघाला, २०१२-१३ च्या आय-लीगमध्ये दुसरा आला, आणि काही वर्षांतच मैदानातून गेला. मुंबईचा महिंद्रा युनायटेड २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकला होता, तो २०१० मध्ये बंद झाला. मुलाच्या जुन्या लॅपटॉपवर मात्र पुणे एफ. सी. अजून बालेवाडीला खेळतो आहे. पेशवे दप्तरात लढायांपेक्षा हत्तीचा चारा आणि कारकुनाचा पगार जास्त सापडतो, आणि इतिहासकाराला तोच कामाला येतो. ही वही त्याच जातीची.

चाहत्यांचा जीव तर इतका की २०२५ च्या फेब्रुवारीत त्या वर्षीची आवृत्ती रद्द झाली, तेव्हा लोकांनी आधीच्याच आवृत्तीतल्या याद्या स्वतः बसून ताज्या केल्या. २००१ ची आवृत्तीही असेच लोक नव्या खेळाडूंची नावं घालून जिवंत ठेवतात. पुढची आवृत्ती २०२५ च्या नोव्हेंबरात आली, आणि तीत पहिल्यांदाच महिलांचा फुटबॉल आहे.

असो. वहीवाल्या मुलाचं सांगायचं राहिलं. तो सुप्याच्या एमआयडीसीत एका कारखान्यात स्टोअर सांभाळतो. पन्नाशी उलटली आहे. हजारो सुट्या भागांची यादी त्याला तोंडपाठ असते, असं तिथली मुलं सांगतात. नातू परत जायच्या आदल्या दिवशी मी त्याला घरी चहाला बोलावलं आणि वहीचा विषय काढला. चाळीस वर्षांनी माफी मागताना शब्द सापडत नाहीत, हे त्या दिवशी कळलं. जसं जमलं तसं बोललो.

तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "सर, त्यात शेवटी शिक्षकांचं पण पान होतं. तुम्ही तिथपर्यंत वाचलंच नाही."

"मला किती दिले होते?"

"शिकवण्याला नऊ."

"आणि?"

"ऐकून घेण्याला तीन."

"अन् 'पुढे'च्या रकान्यात?"

तो हसला. "ते कोरं सोडलं होतं, सर."

मग नातवाने लॅपटॉप उघडला. तो चष्मा कपाळावर चढवून पुढे सरकला आणि रकाने वाचायला लागला. "याला पकडीचे इतके कमी का दिलेत?" असं तो विचारत होता आणि नातू समजावत होता. चहा दोनदा गार झाला. मी मध्ये बोललो नाही.

तुमच्या घरात कुणाची अशी वही सापडली, तर रद्दीत घालण्याआधी शेवटच्या पानापर्यंत वाचा, एवढंच.