रोहित शर्मा: डोंबिवलीच्या एका खोलीपासून सहाशे षटकारांपर्यंत

आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये सहाशे षटकार सगळ्यात आधी पूर्ण करणारा फलंदाज म्हणजे रोहित शर्मा. त्याचं आपल्या भागाशी नातं आहे, हे ठाण्यातल्या बऱ्याच मुलांना माहीत नसतं. खोपटहून ठाणे स्टेशन गाठा, कल्याणकडची लोकल पकडा आणि डोंबिवलीला उतरा. याच डोंबिवलीत त्याचे आईवडील एका खोलीच्या घरात राहत होते. आज मुलं मोबाइलवर त्याचे षटकार पाहतात. ते षटकार येण्याआधी किती वर्षं थांबावं लागलं, तेही त्यांना कळावं म्हणून ही माहिती.

बालपण आणि शाळा

रोहितचा जन्म ३० एप्रिल १९८७ चा, नागपूरचा. वडील गुरुनाथ शर्मा एका ट्रान्सपोर्ट कंपनीच्या गोदामाची देखभाल करत. आई पूर्णिमा मूळच्या विशाखापट्टणमच्या. वडिलांची कमाई कमी असल्यामुळे रोहित बोरिवलीला आजी-आजोबा आणि काकांकडे वाढला. आईवडिलांना भेटायला तो शनिवार-रविवारी डोंबिवलीला यायचा. बोरिवली पश्चिम रेल्वेवर, डोंबिवली मध्य रेल्वेवर. हा प्रवास काय असतो ते आपल्याकडच्या लोकांना सांगायला नको. पण लहान मुलानं आठवडाभर आईपासून लांब राहायचं, ही गोष्ट प्रवासापेक्षा अवघड.

१९९९ मध्ये काकांनी दिलेल्या पैशांवर तो क्रिकेटच्या शिबिरात गेला. तिथे प्रशिक्षक दिनेश लाड सरांची नजर त्याच्यावर पडली. सर ज्या स्वामी विवेकानंद इंटरनॅशनल स्कूलमध्ये शिकवायचे, तिथे त्यांनी त्याला यायला सांगितलं. घरच्यांना तिथली फी परवडणार नव्हती. सरांनी शाळेशी बोलून शिष्यवृत्तीची सोय केली आणि चार वर्षं रोहितला फी भरावी लागली नाही.

त्या वेळी तो मुख्यतः ऑफस्पिन गोलंदाज होता आणि आठव्या नंबरला बॅटिंग करायचा. त्याच्या बॅटिंगमध्ये काहीतरी वेगळं आहे, हे लाड सरांनी ओळखलं आणि त्याला सलामीला पाठवलं. हॅरिस आणि गाइल्स शील्ड या मुंबईच्या शालेय स्पर्धांमध्ये तो चमकला. सलामीला आल्यावर पहिल्याच सामन्यात त्यानं शतक काढलं. लाड सरांना पुढे द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला.

थांबण्याची वर्षं

२३ जून २००७ रोजी बेलफास्टला आयर्लंडविरुद्ध रोहितनं पहिला आंतरराष्ट्रीय एकदिवसीय सामना खेळला. त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेत पहिला टी-२० विश्वचषक झाला. त्यात दक्षिण आफ्रिकेविरुद्ध नाबाद ५० आणि पाकिस्तानविरुद्धच्या फायनलमध्ये १६ चेंडूंत नाबाद ३० धावा त्यानं केल्या. वय फक्त २० वर्षं. सगळ्यांना वाटलं, आता हा मागे वळून बघणार नाही.

पण तसं झालं नाही. फेब्रुवारी २०१० मध्ये नागपूरला तो पहिली कसोटी खेळणार होता. सामन्याच्या दिवशी सरावात फुटबॉल खेळताना त्याला दुखापत झाली आणि संधी गेली. कसोटी पदार्पणासाठी त्याला आणखी साडेतीन वर्षांहून जास्त थांबावं लागलं. २०११ च्या विश्वचषक संघातही त्याला घेतलं नाही. ती फायनल वानखेडेवर, म्हणजे त्याच्याच शहरात भारतानं जिंकली. तो संघात नव्हता.

वळण आलं २०१३ मध्ये. जानेवारीत मोहालीला इंग्लंडविरुद्ध त्याला सलामीला पाठवलं आणि त्यानं ८३ धावा केल्या. लहानपणी लाड सरांनी जे केलं, तेच आता भारतीय संघानं केलं. जागा बदलली आणि खेळाडू उभा राहिला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कोलकात्याला वेस्ट इंडिजविरुद्ध कसोटी पदार्पण झालं. पहिल्या कसोटीत १७७, दुसरीत वानखेडेवर नाबाद १११.

त्याची मारण्याची पद्धत

एकदिवसीय सामन्यात तीन द्विशतकं करणारा रोहित हा एकमेव पुरुष खेळाडू आहे:

२ नोव्हेंबर २०१३, बेंगळुरू, ऑस्ट्रेलियाविरुद्ध: १५८ चेंडूंत २०९, १६ षटकार.
१३ नोव्हेंबर २०१४, कोलकाता, श्रीलंकेविरुद्ध: १७३ चेंडूंत २६४, ३३ चौकार, ९ षटकार.
१३ डिसेंबर २०१७, मोहाली, श्रीलंकेविरुद्ध: १५३ चेंडूंत नाबाद २०८, १२ षटकार.

कोलकात्याची खेळी नीट बघा. ४ धावांवर त्याचा झेल सुटला होता. पहिल्या शंभर धावांना १०० चेंडू लागले. पुढच्या १६४ धावा फक्त ७३ चेंडूंत आल्या. श्रीलंकेचा अख्खा संघ २५१ वर बाद झाला, म्हणजे एकट्या रोहितपेक्षा १३ धावा कमी. आधी खेळपट्टी समजून घ्यायची, चेंडू डोळ्यांत बसू द्यायचा आणि मग हात मोकळे करायचे, हा त्याचा हिशोब. उसळत्या चेंडूवरचा पुल हा त्याचा हुकमी फटका.

२०१९ च्या विश्वचषकात त्यानं पाच शतकं ठोकली. एका विश्वचषकात इतकी शतकं दुसऱ्या कोणी केलेली नाहीत. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कसोटीतही त्याला सलामीला आणलं. विशाखापट्टणमला, म्हणजे आईच्या गावी, त्यानं दक्षिण आफ्रिकेविरुद्ध १७६ आणि १२७ धावा केल्या.

शतकं कमी, वेग जास्त

कर्णधार झाल्यावर त्यानं स्वतःची पद्धत बदलली, आणि सगळ्यात जास्त शिकण्यासारखं इथेच आहे. २०१९ मध्ये त्याचा स्ट्राइक रेट ९८ च्या आसपास होता. २०२३ च्या विश्वचषकात तो जवळपास १२६ झाला. त्यानं ३१ षटकार मारले, पण शतक एकच. पहिल्या दहा षटकांत वेगानं धावा काढून मागच्या फलंदाजांचं ओझं हलकं करायचं, हे त्यानं ठरवलं होतं. स्वतःच्या शतकाचा हिशोब त्यानं बाजूला ठेवला. ते एकमेव शतक दिल्लीला अफगाणिस्तानविरुद्ध आलं. त्याच सामन्यात त्यानं ख्रिस गेलचा ५५३ आंतरराष्ट्रीय षटकारांचा विक्रम मोडला.

अहमदाबादच्या फायनलमध्ये त्याच पद्धतीनं खेळून तो ३१ चेंडूंत ४७ वर बाद झाला आणि भारत हरला. टीका झाली, पण त्यानं खेळण्याची रीत सोडली नाही. पुढच्याच वर्षी टी-२० विश्वचषकात ऑस्ट्रेलियाविरुद्ध ४१ चेंडूंत ९२ धावा फटकावल्या. २९ जून २०२४ ला बार्बाडोसमध्ये भारतानं कप जिंकला. काही दिवसांनी विधानभवनात सत्कार झाला, तेव्हा तो मराठीत बोलला आणि सूर्यकुमारच्या झेलावरून सभागृहाला हसवलं.

९ मार्च २०२५ ला दुबईत त्याच्या नेतृत्वाखाली भारतानं चॅम्पियन्स ट्रॉफीही जिंकली. फायनलमध्ये त्यानं ७६ धावा केल्या.

थोडक्यात

आंतरराष्ट्रीय टी-२०: १५९ सामने, ४२३१ धावा, ५ शतकं. २०२४ च्या विजयानंतर निवृत्त.
कसोटी: ६७ सामने, ४३०१ धावा, १२ शतकं. ७ मे २०२५ ला निवृत्ती जाहीर.
एकदिवसीय: ३० नोव्हेंबर २०२५ ला रांचीत शाहिद आफ्रिदीचा ३५१ षटकारांचा विक्रम मागे टाकला.
आयपीएल: मुंबई इंडियन्सचा कर्णधार म्हणून पाच जेतेपदं (२०१३, २०१५, २०१७, २०१९, २०२०).
मे २०२५ पासून वानखेडे स्टेडियममधल्या एका स्टँडला त्याचं नाव आहे.

पालकांसाठी

आपल्याकडे राबोडी, मुंब्रा, कल्याण इथली कितीतरी घरं पोट मारून मुलांना कोचिंगला घालतात. दोन वर्षांत निवड झाली नाही की घरात कुरबूर सुरू होते. प्रत्येक मूल रोहित होणार नाही, हे उघड आहे. पण रोहितलाही जागा सापडायला पहिल्या आंतरराष्ट्रीय सामन्यानंतर सहा वर्षं लागली, आणि त्याआधी काकांचे पैसे आणि एका शिक्षकाची शब्द टाकण्याची तयारी लागली. म्हणून मुलाला घाई करू नका. त्याची शाळा सुटू देऊ नका. फी अडत असेल तर लाजू नका, मुख्याध्यापकांना किंवा क्रीडाशिक्षकांना जाऊन भेटा. आणि तुमचा भाचा-पुतण्या चांगला खेळत असेल, तर त्याच्या पहिल्या किटचे पैसे तुम्ही द्या.