डॉ. शंकर पुरुषोत्तम आघारकर : मालवणचा वनस्पतिशास्त्रज्ञ आणि दगडफुलांचा अभ्यास

पुण्यात आघारकर संशोधन संस्था आहे ती गोपाळ गणेश आगरकर रस्त्यावर. त्यामुळे अनेकांची समजूत अशी की संस्थेला समाजसुधारक आगरकरांचेच नाव दिले आहे. तसे नाही. ही संस्था डॉ. शंकर पुरुषोत्तम आघारकर (१८८४–१९६०) यांच्या नावाने आहे, आणि ती उभारलीही त्यांनीच.

आघारकरांचा जन्म मालवणचा. मुंबईला शिक्षण झाल्यावर ते एल्फिन्स्टन कॉलेजात जीवशास्त्र शिकवू लागले. सुट्टीत सह्याद्रीत भटकून नमुने गोळा करण्याचा त्यांना नाद होता. अशाच भटकंतीत सातारा जिल्ह्यातल्या नदीत त्यांना गोड्या पाण्यातली एक चिमुकली जेलीफिश सापडली. या जातकुळीचा प्राणी तोपर्यंत फक्त आफ्रिकेतल्या सरोवरांतून व नद्यांतून माहीत होता. कलकत्त्याच्या इंडियन म्युझियमचे अ‍ॅनन्डेल यांनी तिचे शास्त्रीय वर्णन केले. आफ्रिकेतल्या प्राण्याचा भाऊबंद सह्याद्रीत कसा, हा प्रश्न तिथे उभा राहिला. माझ्या मते आघारकरांच्या पुढच्या कामाचे सूत्र हेच आहे : कोणता जीव कुठून आला आणि कोणत्या वाटेने आला.

१९१३ साली सर राशबिहारी घोष यांनी कलकत्ता विद्यापीठाला दहा लाख रुपये दिले. त्यातून निघालेल्या वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकपदावर सर आशुतोष मुखर्जींनी या कोकणी तरुणाची निवड केली आणि अभ्यासासाठी त्यांना बर्लिनला पाठवले. तेवढ्यात पहिले महायुद्ध पेटले. ब्रिटिश प्रजाजन म्हणून आघारकर जर्मनीत अडकले, नजरकैदही भोगली. तरीही अडॉल्फ एंग्लर यांच्यासारख्या नामवंत शास्त्रज्ञाच्या हाताखाली त्यांनी डॉक्टरेट पुरी केली. विषय होता वायव्य हिंदुस्थानातल्या रुक्ष व खाऱ्या जमिनीत वाढणाऱ्या वनस्पतींचा : त्यांचे बी कसे पसरते आणि त्या मुळात आल्या कुठून. कच्छचे रण ज्यांनी पाहिले आहे त्यांना ही झुडपे लगेच डोळ्यांपुढे येतील.

पुढे निवृत्तीपर्यंत ते कलकत्त्यातच होते. पण खरी गोष्ट त्यानंतरची. १९४६ साली, वयाच्या बासष्टीच्या सुमारास, त्यांनी पुण्यात 'महाराष्ट्र असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स' सुरू केली. कलकत्त्यात याच धर्तीची संस्था १८७६ पासून होती आणि रामन यांचे गाजलेले संशोधन तिथेच झाले होते. तसे काही आपल्याकडे हवे, ही त्यांची तळमळ. स्वतःची इमारत नव्हती, लॉ कॉलेजच्या आवारात काम सुरू झाले. आम्ही बँकवाले कर्ज देताना तारण पाहतो, उत्पन्न पाहतो. असा प्रस्ताव माझ्या टेबलावर आला असता तर मी तो वर पाठवला असता की नाही, सांगता येत नाही. आघारकर अखेरपर्यंत संस्थेचे संचालक होते. १९९२ साली तिला त्यांचे नाव देण्यात आले. आज शेतकरी 'एमएसीएस' नावाचे गहू आणि सोयाबीनचे वाण पेरतात, ती अक्षरे याच संस्थेची.

आता दगडफूल. आपल्या गोड्या मसाल्यात जे काळपट, कुरकुरीत, वाळल्या पानासारखे पडते, ते ना फूल ना पान. मराठी विश्वकोशात त्याला शैवाक म्हटले आहे. बुरशी आणि शैवल एकत्र नांदतात, शैवल उन्हातून अन्न बनवते, बुरशी आसरा आणि ओल देते. वाढ वर्षाला बहुधा काही मिलिमीटर. मुळे नाहीत, जे काही मिळवायचे ते हवेतून आणि पावसातून, म्हणून गंधकाचा धूर बहुतेक शैवाकांना सोसत नाही. हवेची शुद्धता जोखायला त्यांचा उपयोग होतो तो यामुळेच. कारखान्यांच्या शहरात राहणाऱ्या आपल्याला हे ध्यानात यायला हरकत नाही.

आघारकरांच्या संस्थेत या शैवाकांचा पद्धतशीर अभ्यास झाला. डॉ. पी. जी. पटवर्धन, डॉ. उर्मिला माखिजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सह्याद्रीतले नमुने गोळा करून कितीतरी नव्या जातींची नोंद केली. त्यांतला एक गट झाडाच्या सालीवर काळ्या वेड्यावाकड्या रेघा उमटवणारा आहे. कुणी मोडीत घाईने सही ठोकावी तशा त्या दिसतात. साध्या डोळ्यांना सगळ्या सारख्याच. ओळख पटवायची तर बीजाणू सूक्ष्मदर्शकाखाली मोजायचे, पोटॅशचा किंवा ब्लिचिंग पावडरीच्या द्रावणाचा थेंब टाकून रंग बदलतो का पाहायचे. चेकवरची सही पडताळण्यापेक्षा हे काम फार चिकाटीचे. हे नमुने संस्थेच्या अजरेकर बुरशी-संग्रहात जपलेले आहेत.

बडोद्यातही वनस्पतींच्या नोंदीचे मोठे काम झाले. सयाजीराव विद्यापीठाचे ए. आर. चव्हाण आणि जी. एम. ओझा यांचा पावागडच्या वनस्पतींवरचा ग्रंथ १९६६ साली निघाला. वनस्पतिशास्त्र विभागात वाळवलेल्या नमुन्यांचा संग्रह आहे. निजामपुऱ्याहून फतेहगंज ओलांडले की विज्ञान शाखा फार लांब नाही. विज्ञान शिकणारी नातवंडे असतील त्यांनी आधी विभागात विचारून, वेळ ठरवून जावे.