वंदनेतून ध्यानाकडे : नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी सुत्तपठण

गंगाखेड तालुक्यातल्या विहारात पौर्णिमेला जमणाऱ्या तरुणांना त्रिशरण-पंचशील शिकवावे लागत नाही. ते लहानपणापासून तोंडपाठ असते. ध्यानाचा विषय काढला की मात्र उत्तर ठरलेले : "त्यासाठी इगतपुरीला दहा दिवस जावं लागतं, तेवढी सुट्टी कुठं?" शिबिराला जरूर जावे. पण ध्यानाची पहिली पायरी आपल्या तोंडी आधीपासूनच आहे. ती घाईत म्हटली जाते, एवढाच प्रश्न आहे.

परंपरेत पठणाचे स्थान

पालीत पठणाला 'सज्झाय' म्हणतात. इ.स.पू. पहिल्या शतकात श्रीलंकेत तिपिटक लिहून काढले गेले. त्याआधी ते भिक्खूंच्या पाठांतरावरच टिकून होते. अंगुत्तर निकायात विमुक्तीची पाच द्वारे सांगितली आहेत : धम्म ऐकणे, दुसऱ्याला सांगणे, पठण करणे, चिंतन करणे आणि ध्यानाचा विषय नीट धरणे. यातल्या प्रत्येकातून अर्थ उमगला की आनंद, आनंदातून प्रीती, मग शरीराची शांतता, सुख आणि शेवटी समाधी, असा क्रम तिथे येतो. यात अर्थ उमगणे ही अट आहे. नुसता आवाज पुरेसा नाही.

पाचव्या शतकात आचार्य बुद्धघोष यांनी 'विसुद्धिमग्ग' या ग्रंथात ध्यानाचे ४० विषय मांडले. त्यात बुद्ध, धम्म आणि संघ यांच्या गुणांचे स्मरण, म्हणजे 'अनुस्सति', येते. आपल्या वंदनेत नेमके हेच आहे : बुद्धाचे नऊ, धम्माचे सहा आणि संघाचे नऊ गुण.

हा मंत्रजप नव्हे

"मग यात आणि पोथी-पारायणात फरक काय?" हा कार्यकर्त्यांचा प्रश्न रास्त आहे. पठणाने परीक्षेत मार्क वाढत नाहीत, कर्ज फिटत नाही, आजार पळत नाही. धम्माच्या सहा गुणांतला एक 'एहिपस्सिको' आहे : या आणि स्वतः पाहा. पठणालाही हीच कसोटी लावावी. पंचशील ही कोणाची आज्ञा नाही, तो आपण स्वतःशी केलेला निर्धार आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'बौद्ध पूजा पाठ' संकलित केला. शासनाने प्रकाशित केलेल्या त्यांच्या लेखन-भाषणांच्या सोळाव्या खंडात तो पाली व्याकरणासोबत आहे. पाठ म्हणा आणि भाषाही समजून घ्या, असाच बोध त्यातून घेता येतो.

चालीबद्दलही सावध राहावे. लांबलचक गाण्याच्या सुरात धम्म म्हणण्याचे पाच तोटे भगवान बुद्धांनी सांगितले आहेत. म्हणणारा स्वतःच आपल्या आवाजावर भाळतो आणि समाधी मोडते, हे त्यातले दोन. विहारात भोंग्यावर रेकॉर्डिंग लावून आपण मोबाईल पाहत बसलो, तर ते पठणही नाही आणि ध्यानही नाही.

सुरुवात कशी करावी

१. रोज एकच वेळ ठरवा. दहा मिनिटे पुरेत. मांडी घालून बसा. गुडघे दुखत असतील तर खुर्चीवर बसा, पाठ सरळ ठेवा.

२. पहिले दोन आठवडे फक्त त्रिशरण-पंचशील घ्या. नंतर बुद्धवंदना, मग मेत्त सुत्त. सगळे एकदम नको.

३. बसण्याआधी एका शब्दाचा अर्थ वाचा. उदाहरणार्थ, 'सुगत' म्हणजे चांगल्या मार्गाने गेलेला, 'लोकविदू' म्हणजे जग जाणणारा. त्या दिवशी लक्ष त्या शब्दावर ठेवा.

४. सावकाश श्वास सोडताना एक पद म्हणा, मग थांबून श्वास घ्या. ऱ्हस्व-दीर्घ सांभाळा. पालीत श आणि ष नाहीत, फक्त स आहे. म्हणून मराठीत 'शरण', पण पालीत 'सरण'.

५. मन भरकटले की चिडू नका. जिथे सुटले त्याच पदावर परत या.

६. पाठ आधी मोठ्याने, मग हळू, मग मनात म्हणा. शेवटी दोन मिनिटे काहीच न म्हणता श्वासाकडे लक्ष देऊन बसा. ही दोन मिनिटे पुढे वाढवत न्यायची.

विपश्यना शिबिरात पठण बाजूला ठेवायला सांगतात. तिथे असताना तो नियम पाळावा.

पाठ का आठवत नाही?

संगारव नावाच्या ब्राह्मणाने बुद्धांना हाच प्रश्न विचारला होता. उत्तरात बुद्धांनी पाण्याच्या भांड्याची उपमा दिली. रंग मिसळलेल्या, उकळत्या, शेवाळलेल्या, वाऱ्याने हललेल्या किंवा अंधारात ठेवलेल्या गढूळ पाण्यात चेहरा दिसत नाही. तसेच लोभ, द्वेष, सुस्ती, अस्वस्थता आणि शंका या पाच नीवरणांनी भरलेल्या मनात पाठ उमटत नाही. आज आपले पाणी कोणते, हे रोज ओळखणे हाही ध्यानाचाच भाग आहे.

आपल्या जिल्ह्यात उकळत्या पाण्याचा अर्थ वेगळा सांगायला नको. डिसेंबर २०२४ मध्ये परभणीत संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली आणि त्यानंतर सोमनाथ सूर्यवंशी यांचा न्यायालयीन कोठडीत मृत्यू झाला. हा राग अन्यायातून आला आहे. मेत्त सुत्त म्हणणे म्हणजे तो अन्याय विसरणे नव्हे, न्यायाची मागणी सोडणेही नव्हे. खटला, निवेदन, मोर्चा हे वर्षानुवर्षांचे काम आहे. रागाने होरपळलेला कार्यकर्ता तेवढे टिकत नाही. मन स्थिर असेल तर तो टिकतो आणि बोलताना नेमकेही बोलतो.

मर्यादा

झोप उडाली असेल, जगण्यात रस उरला नसेल, तर पठणावर विसंबू नका. डॉक्टरांना भेटा किंवा शासनाच्या 'टेली-मानस' सेवेला १४४१६ वर फोन करा.

सोबतीने

एकट्याने सातत्य राहत नाही. वर्षावासात ग्रंथवाचनासाठी लोक विहारात जमतातच. वाचनाआधी दहा मिनिटे सावकाश पठण आणि दोन मिनिटे मौन सुरू करता येईल. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबाला सहा महिने विहार मिळत नाही, पुस्तक सोबत नसते, मोबाईलला रेंज नसते. तोंडपाठ वंदना मात्र कोपीतही सोबत असते. म्हणून ती अर्थासह पाठ करून घेणे हे विहारातल्या तरुणांचे काम आहे, आणि ते टोळ्या गावातून निघण्याआधी व्हायला हवे.